प्रवासाहून परतल्यावर ताप आणि गोचीड : निदानाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिमगा, मे महिना, गणपती, पावसाळी ट्रेक, डिसेंबरची सफारी. ठाणे आणि नवी मुंबईतली माणसं वर्षभर कुठे ना कुठे जाऊन येत असतात. परतल्यावर आठ-पंधरा दिवसांनी आम्हाला येणारा मेसेज बहुतेक वेळा सारखाच असतो: "डेंग्यू, मलेरिया दोन्ही निगेटिव्ह, पण ताप उतरत नाही. गोचिडीमुळे असेल का?" त्या मेसेजनंतर येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. वाचताना दोन तारखा जवळ ठेवा: गवता-जंगलातून शेवटचं कधी फिरलात आणि ताप कोणत्या दिवशी सुरू झाला. पुढची बरीच उत्तरं त्या दोन तारखांवर ठरतात.

१. गोचीड चावून ताप येतो, म्हणजे नेमका कोणता आजार?

हा एक आजार नाही, अनेक आहेत. रिकेट्सिया गटातल्या जिवाणूंचे ताप त्यात येतात: आपल्याकडचा इंडियन टिक टायफस, आफ्रिकेतला टिक बाइट फीव्हर, अमेरिकेतला रॉकी माउंटन स्पॉटेड फीव्हर. बोरेलिया जिवाणूचा लाइम आजार आहे. विषाणूंचे माकडताप आणि क्रायमियन-काँगो ताप आहेत. तांबड्या पेशींत शिरणारा बबेसिया हा परजीवीही याच यादीत येतो.

स्क्रब टायफस मात्र गोचिडीचा आजार नाही. तो चिगर नावाच्या माइटच्या अळीमुळे होतो, आणि ही अळी मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढी असते. पण रुग्णाची लक्षणं तशीच, काळी खपली तशीच, औषधही बहुधा तेच, आणि भारतात फिरून आलेल्यांत गोचिडीच्या तापांपेक्षा हाच जास्त सापडतो. त्यामुळे खालच्या उत्तरांत तो वारंवार येईल.

२. ताप आला की पहिल्याच दिवशी गोचिडीच्या तपासण्या करून घेऊ का?

नको. आधी मलेरिया. कुठूनही परतलेल्या माणसाला ताप आला की मलेरियाची तपासणी त्याच दिवशी व्हायला हवी, कारण फाल्सिपेरम हा मलेरियाचा घातक प्रकार दोन-तीन दिवसांत माणसाला अत्यवस्थ करू शकतो. पहिली तपासणी निगेटिव्ह आली म्हणून विषय संपत नाही. संशय असेल तर १२ ते २४ तासांच्या अंतराने आणखी दोनदा रक्त तपासतात. सोबत डेंग्यूची एनएस-१ (विषाणूचं प्रथिन शोधणारी तपासणी), सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या, लघवी, आणि अँटिबायोटिक सुरू होण्याआधी ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून पाहणं). टायफॉइडसाठी कल्चर विडाल या अँटिबॉडी तपासणीपेक्षा कितीतरी भरवशाचं आहे. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालला असाल तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस) तपासणीही.

तापासोबत धाप लागणं, बरळणं किंवा गुंगी, लघवी कमी होणं, हिरड्या-नाकातून रक्त येणं, सतत उलट्या, मान ताठ होणं यातलं काहीही असेल तर हे पान बाजूला ठेवा आणि थेट रुग्णालय गाठा.

३. मला गोचीड चावलेली आठवतच नाही. तरी असू शकतं?

असू शकतं, आणि बहुतेकांना आठवतच नाही. माणसाला बऱ्याचदा चावते ती पूर्ण वाढलेली गोचीड नसून तिची पिल्लावस्था असते. ती मिलिमीटर-दीड मिलिमीटरची, तिचा दंश दुखत नाही, आणि पोट भरलं की आपोआप गळून पडते. चिगर तर दिसतच नाही. त्यामुळे "गोचीड चावली होती का?" हा प्रश्न डॉक्टरांनी विचारला आणि तुम्ही "नाही" म्हणालात, तर एवढ्यावर शक्यता बाद करू नये. त्याऐवजी विचारायचे प्रश्न पाचव्या उत्तरात दिले आहेत.

४. काळी खपली म्हणतात ती कशी दिसते? शोधायची कुठे?

सिगारेटचा चटका बसल्यासारखी: मधोमध काळी, कोरडी, घट्ट चिकटलेली खपली आणि भोवती लालसर कडा. आकार साधारण अर्धा ते एक सेंटीमीटर. ती दुखत नाही आणि सहसा खाजतही नाही. म्हणूनच रुग्णाला तिचा पत्ता नसतो.

शोधायची ती कपडे घट्ट बसतात तिथे आणि घड्यांमध्ये. काख, जांघ, कमरेच्या नाडीची किंवा बेल्टची रेघ, बेंबी, स्तनांखाली, गुडघ्यामागे, कानामागे, केसांत, नितंबांच्या मधे, पुरुषांत अंडकोशावर. यातल्या निम्म्या जागा दवाखान्यात कोणी दाखवत नाही आणि घाईत कोणी पाहतही नाही. शर्टाची दोन बटणं उघडून छातीला स्टेथोस्कोप लावला, एवढ्या तपासणीत खपली सापडत नाही. संकोच वाटत असेल तर घरीच चांगल्या उजेडात, मोठा आरसा आणि घरातलं एक माणूस सोबत घेऊन डोक्यापासून पायापर्यंत बघा. घामाच्या ओलसर जागी खपली काळी न दिसता पांढुरकी, उथळ जखम दिसू शकते. तीसुद्धा दाखवा.

खपली सापडली नाही, पण एकाच बाजूच्या काखेत किंवा जांघेत दुखरं अवधाण (सुजलेली गाठ) आलं असेल तर त्या बाजूचा हात किंवा पाय पुन्हा बारकाईने पाहायचा.

सापडल्यावर दोन पथ्यं. खपली ओरबाडू नका आणि तिच्यावर मलम लावू नका. त्या खपलीखालून घेतलेल्या स्वॅबवर पीसीआर (जंतूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी) करता येतं, आणि रिकेट्सियासाठी ते रक्ताच्या पीसीआरपेक्षा सरस असतं. हे जिवाणू रक्तात मोकळे कमी फिरतात, रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात दडून बसतात. खपली नाही म्हणून आजार नाही असं मात्र समजू नका. स्क्रब टायफसच्या अनेक रुग्णांत ती कधीच सापडत नाही.

५. डॉक्टरांना प्रवासाबद्दल काय काय सांगू?

"हिमाचलला गेलो होतो" एवढं पुरत नाही. मनालीच्या हॉटेलात राहून मॉल रोडवर फिरलेला माणूस आणि तंबूत झोपून पहाटे ओल्या गवतातून शौचाला गेलेला माणूस, दोघांचा धोका वेगळा. सांगायचं ते असं: कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत कुठे होता, गवतावर बसणं-झोपणं झालं का, गुरांच्या गोठ्यात, काजूच्या किंवा सुपारीच्या बागेत गेला होता का, कुत्र्याच्या अंगावरच्या गोचिड्या हाताने काढल्या का, कच्चं दूध प्यायलात का, मेलेलं माकड दिसलं किंवा त्याबद्दल ऐकलं का, सोबतच्या कुणाला ताप आहे का.

आणि औषधं. सर्वांत जास्त लपवली जाते ती हीच माहिती. मेडिकलमधून आणलेल्या अझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्या किंवा ट्रेकच्या किटमधली डॉक्सीसायक्लिन "असंच" घेतली असेल तर सांगा. अर्धवट घेतलेल्या अँटिबायोटिकने ताप दबतो आणि कल्चर, पीसीआर निगेटिव्ह येऊ शकतात. कुणी तुम्हाला रागावणार नाही. रागावलं तरी सांगा.

६. येऊन तीन आठवडे झाले. आता आलेल्या तापाचा प्रवासाशी संबंध असेल?

आजारावर अवलंबून आहे. शेवटच्या संपर्कापासून दिवस मोजा. माकडताप साधारण ३ ते ८ दिवसांत येतो. क्रायमियन-काँगो गोचिडीच्या दंशानंतर १ ते ३ दिवसांत, फार तर ९. बाधित जनावराच्या किंवा माणसाच्या रक्ताशी संपर्क आला असेल तर १३ दिवसांपर्यंत. आफ्रिकेतला टिक बाइट फीव्हर बहुधा ५ ते १० दिवसांत. स्क्रब टायफसला ६ ते २१ दिवस लागू शकतात, बहुतेकांना दहा-बाराव्या दिवशी ताप येतो. लाइमचा चट्टा ३ ते ३० दिवसांत उमटतो. बबेसिया एक ते चार आठवडे घेतो, कधी त्याहून जास्त.

म्हणजे तीन आठवड्यांनी पहिल्यांदा आलेला ताप माकडतापाचा असण्याची शक्यता जवळजवळ नाही. स्क्रब टायफस काठावर आहे, बबेसिया शक्य आहे, आणि व्हायवॅक्स प्रकारचा मलेरिया तर काही महिन्यांनीही येतो. ही नुसती बोटांवरची मोजणी आहे, पण तिने निम्म्या तपासण्यांचा खर्च वाचतो.

७. कोणती तपासणी कितव्या दिवशी करायची?

गोंधळ सर्वांत जास्त इथेच होतो. इथला "दिवस" तापाचा आहे, प्रवासाचा नाही. ताप सुरू झाला तो पहिला दिवस.

शरीराला अँटिबॉडी तयार करायला वेळ लागतो. स्क्रब टायफसची आयजीएम एलायझा (आजारात आधी तयार होणाऱ्या अँटिबॉडी शोधणारी तपासणी) पाचव्या-सातव्या दिवसानंतर विश्वासार्ह होते. तिसऱ्या दिवशी केली आणि निगेटिव्ह आली तर त्या रिपोर्टवरून काहीच ठरत नाही. स्पॉटेड फीव्हर गटात (इंडियन टिक टायफस, रॉकी माउंटन वगैरे) अँटिबॉडी दुसऱ्या आठवड्यात येऊ लागतात, आणि आफ्रिकेतल्या टिक बाइट फीव्हरमध्ये तर तीन-चार आठवडेही लागतात. तोवर रुग्ण बरा होऊन कामावर गेलेला असतो.

पीसीआरचं उलट आहे. ती सुरुवातीला, जंतू किंवा विषाणू हजर असताना उपयोगी. माकडतापात पहिल्या आठवड्यात पीसीआर आणि पाचव्या दिवसापासून आयजीएम. बबेसिया आणि गोचिडीचा रिलॅप्सिंग फीव्हर (उलटून येणारा ताप) यांना महागडं काही लागत नाही. ताप चढलेला असताना काढलेल्या रक्ताची काच अनुभवी डोळ्यांनी मायक्रोस्कोपखाली पाहिली तर जंतू दिसू शकतो.

रिकेट्सियाच्या निदानाची मान्य कसोटी अजूनही जोडनमुन्यांची आहे. एक नमुना आजाराच्या सुरुवातीला, दुसरा दोन ते चार आठवड्यांनी, आणि दुसऱ्यात अँटिबॉडीचं प्रमाण चौपट झालेलं हवं. बरं झाल्यावर रक्त द्यायला सहसा कुणी येत नाही, त्यामुळे अनेकांचं निदान कागदावर कायम "संशयित" राहतं. पहिल्या नमुन्याचं सीरम राखून ठेवायचं असेल तर लॅबला त्याच दिवशी सांगावं लागतं, नाहीतर काही दिवसांत ते टाकून देतात. पीसीआर आणि सीबीसीसाठी जांभळ्या झाकणाची नळी, अँटिबॉडीसाठी सीरमची. घरी सॅम्पल घ्यायला आलेल्या मुलाला दोन्ही नळ्या घ्यायला सांगा, म्हणजे दुसऱ्यांदा सुई टोचावी लागणार नाही.

८. लॅबने वेल-फेलिक्स केली, निगेटिव्ह आली. मग सुटलो ना?

नाही. वेल-फेलिक्स ही शंभर वर्षांहून जुनी तपासणी आहे. ती रिकेट्सियाच्या अँटिबॉडी थेट मोजत नाही. प्रोटियस नावाच्या वेगळ्याच जिवाणूशी होणाऱ्या प्रतिक्रियेवरून अंदाज बांधते. ओएक्स-के वाढलं तर स्क्रब टायफस, ओएक्स-१९ आणि ओएक्स-२ वाढलं तर बाकीचे गट, असा तिचा हिशेब. स्वस्त आहे आणि जिथे दुसरं काही मिळत नाही तिथे अजून चालते, पण खऱ्या रुग्णांपैकी बरेच तिच्या हातून निसटतात, विशेषतः पहिल्या आठवड्यात. ठाणे-वाशीच्या पट्ट्यात आयजीएम एलायझा मिळत असताना केवळ वेल-फेलिक्सवर थांबू नये.

९. डेंग्यू आयजीएम पॉझिटिव्ह आहे. म्हणजे गोचिडीचा विषय बंद?

एनएस-१ पॉझिटिव्ह आणि बाकी चित्र जुळत असेल तर बहुतेक बंद. नुसती आयजीएम पॉझिटिव्ह असेल तर थांबा. ती पूर्वीच्या डेंग्यूनंतर दोन-तीन महिने टिकू शकते, आणि ठाण्यात ऑक्टोबरमध्ये अशी माणसं भरपूर असतात. माकडतापाचा विषाणू डेंग्यूच्याच फ्लॅविव्हायरस कुटुंबातला आहे. या कुटुंबाच्या अँटिबॉडी तपासण्या एकमेकींत गफलत करतात. युरोपातल्या गोचिडीच्या मेंदूज्वराच्या तपासणीवर तर पूर्वीचा डेंग्यू आणि केनियाला जाण्याआधी घेतलेली पीतज्वराची लसही परिणाम करते.

स्क्रब टायफसची आयजीएमही अनेक महिने राहते. मागच्या वर्षी होऊन गेलेला आजार आजच्या तापाच्या माथी मारला जाऊ शकतो. दुसरीकडे, एकाच वेळी दोन आजार असलेले रुग्णही आम्ही पाहतो. प्लेटलेट डेंग्यू आणि स्क्रब दोन्हींत उतरतात, म्हणून त्यावरून फरक करू नका. पांढऱ्या पेशी डेंग्यूत बहुधा कमी होतात आणि स्क्रबमध्ये नॉर्मल किंवा वाढलेल्या असतात. शिवाय डेंग्यूचा ताप सहसा आठवड्याच्या आत उतरतो. आठव्या दिवशीही १०२-१०३ असेल तर त्याला डेंग्यू म्हणत बसणं बरोबर नाही.

१०. रिपोर्ट यायच्या आधीच डॉक्टरांनी डॉक्सीसायक्लिन सुरू केली. घाई नाही का?

नाही, योग्य केलं. रिकेट्सियाच्या तापात उपचाराला उशीर झाला तर मूत्रपिंड, फुप्फुस, मेंदू यांना इजा होते, आणि सातव्या उत्तरात म्हटल्याप्रमाणे पक्का रिपोर्ट यायला कधी कधी आठवडे लागतात. म्हणून संशय सबळ असेल तर नमुने घेऊन औषध सुरू करायचं असतं. क्रम तेवढा पाळा: आधी रक्त आणि खपलीचा स्वॅब, मग पहिली गोळी. रुग्ण गंभीर असेल तर नमुन्यासाठीही थांबायचं नाही. अमेरिकेतल्या रॉकी माउंटन स्पॉटेड फीव्हरमध्ये पहिल्या पाच दिवसांत औषध सुरू होणं जिवावरचा फरक करतं.

मुलांचे दात खराब होतात म्हणून डॉक्सी देत नाहीत, हे घरोघरी माहीत आहे. ती भीती जुन्या टेट्रासायक्लिनच्या दीर्घ वापरातून आली. या आजारांसाठी लागणाऱ्या थोड्या दिवसांच्या डॉक्सीने दात रंगत नाहीत असं आता दिसलं आहे, आणि संशय असेल तर बालरोगतज्ज्ञ ती देतात. गरोदरपणात स्क्रब टायफससाठी सहसा अझिथ्रोमायसिन वापरतात. गंभीर स्क्रब टायफसमध्ये दोन्ही औषधं शिरेतून एकत्र देणं एकेकट्यापेक्षा सरस ठरतं, हे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय रुग्णालयांतल्या मोठ्या चाचणीत दिसलं. गोळी भरपूर पाण्यासोबत, जेवणानंतर घ्यायची आणि घेतल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. नाहीतर अन्ननलिका पोळते.

११. डॉक्सीने दोन दिवसांत ताप उतरला. मग रिकेट्सियाच होता ना?

शक्यता वाढली, पण शिक्कामोर्तब झालं नाही. स्क्रब टायफसमध्ये ४८ तासांत ताप उतरणं हा चांगला पुरावा मानतात. पण डॉक्सी लेप्टोवरही चालते, मलेरियावरही हळूहळू काम करते, आणि साधा विषाणूजन्य ताप त्याच दिवशी आपोआप उतरणार होता असंही असू शकतं. उलट बाजू अधिक कामाची आहे. ७२ तासांनीही ताप तसाच असेल तर निदान नव्याने तपासा. विषाणूंचे ताप, बबेसिया, टायफॉइड, क्षयरोग, आणि दडलेला मलेरिया ही पुढची यादी.

१२. शिमग्याला दोडामार्गला गेलो होतो. काजूच्या बागेत दोन दिवस होतो. माकडताप असेल का?

विचार करायलाच हवा. हा विषाणू १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिवमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडं मरत असताना सापडला. बरीच वर्षं तो तिकडेच राहिला. मग २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात रुग्ण आढळले. हंगाम साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका काजूचा आणि शिमग्याचा. गणपतीला गावी जाऊन आलेल्या चाकरमान्याला सप्टेंबरात ताप आला तर आम्ही आधी लेप्टो, डेंग्यू, मलेरिया आणि स्क्रबचा विचार करतो. मार्चमध्ये त्याच गावाहून आलेल्याच्या बाबतीत माकडताप वर सरकतो.

सुरुवात एकदम होते: थंडी वाजून मोठा ताप, कपाळ फुटेल असं डोकं दुखणं, कंबर-पोटऱ्या भरून येणं, डोळे लाल, उलट्या-जुलाब, काहींना रक्तस्राव. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट दोन्ही घसरतात. डॉक्सीचा उपयोग नाही, विषाणूवर नेमकं औषध नाही. पाणी, रक्तदाब आणि रक्तस्रावावर लक्ष ठेवणं हाच उपचार. तापावर पॅरासिटामॉल चालतं, अॅस्पिरिन आणि आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या टाळा. दगावण्याचं प्रमाण साधारण ३ ते ५ टक्के आहे, त्यामुळे घरी अंगावर काढू नये.

याचा नमुना नेहमीच्या लॅबमध्ये तपासला जात नाही. तो सरकारी आरोग्य यंत्रणेमार्फत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेसारख्या सुरक्षित प्रयोगशाळेत जातो. म्हणून संशय आला की ठाण्याचं जिल्हा रुग्णालय किंवा महापालिकेचं रुग्णालय गाठा आणि गावाचं नाव ठळक सांगा. "कोकणात" एवढ्यावरून कुणाच्या डोक्यात माकडताप येणार नाही, "दोडामार्ग" म्हटल्यावर यायला हवा.

१३. दक्षिण आफ्रिकेच्या सफारीहून आलो. ताप, डोकेदुखी, पायावर दोन-तीन काळ्या खपल्या. काय असेल?

मलेरिया नाकारल्यावर उत्तर बहुधा आफ्रिकन टिक बाइट फीव्हर. दक्षिण आफ्रिकेहून तापासह परतणाऱ्या पर्यटकांत हे नेहमीचं निदान आहे. तिथल्या गोचिड्या गवतात वाट न पाहता माणसाच्या दिशेने चालून येतात आणि एकाच वेळी अनेक चावतात. म्हणून खपल्या एकाहून अधिक असतात, आणि त्यावरूनच ओळख पटते. सोबत जांघेत अवधाण, मान आखडणं. आजार सहसा सौम्य असतो, डॉक्सीने लवकर बरा होतो. एकाच गाडीतल्या दोघा-तिघांना एकदम झालेला दिसतो, तेव्हा टूरच्या ग्रुपवर विचारून पाहा.

१४. आई-बाबा न्यू जर्सीला भावाकडे सहा महिने राहून आले. आता बाबांना ताप आहे. ते जंगलात गेलेच नव्हते.

जंगलात जायची गरज नाही. तिकडे घरामागच्या अंगणात हरणं येतात, गोचिड्या हिरवळीच्या कडेला, पालापाचोळ्यात असतात. नातवाबरोबर बॉल शोधायला झुडपात हात घालणं पुरेसं आहे.

पहिला शोध लाइमच्या चट्ट्याचा. दंशाच्या जागेभोवती दिवसागणिक पसरत जाणारा, पाच सेंटीमीटरपेक्षा मोठा चट्टा. पुस्तकातली लाल वर्तुळं गोऱ्या कातडीवरची असतात. आपल्या रंगावर तो जांभळट किंवा मुका मार लागल्यासारखा दिसतो, आणि कडा नीट कळत नाहीत. दंशानंतर दोन दिवसांच्या आत आलेली छोटी लाली म्हणजे लाइम नव्हे, ती दंशाची रिअॅक्शन. चट्टा खरा असेल तर रक्त न तपासता उपचार करतात, कारण त्या टप्प्यावर अँटिबॉडी बहुतेकांत निगेटिव्हच असते. पुढच्या टप्प्यात दोन पायऱ्यांची तपासणी असते: एलायझा, आणि ती पॉझिटिव्ह किंवा सीमारेषेवर आली तर दुसरी खात्रीची तपासणी. भारताबाहेर कधीच न गेलेल्या माणसाची लाइम एलायझा पॉझिटिव्ह आली तर ती बहुधा चुकीची असते. सांधेदुखीसाठी "एकदा करून बघू" म्हणून ती करू नये.

वडीलधाऱ्यांत मात्र लाइमपेक्षा बबेसियाची काळजी अधिक. पन्नाशीपुढच्या, प्लीहा काढलेल्या किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणाऱ्या माणसांत तो गंभीर होतो. ताप, घाम, थकवा, हिमोग्लोबिन घसरणं, गडद लघवी. आणि खरी मेख इथे आहे. काचेवर तो फाल्सिपेरम मलेरियासारखाच दिसतो, तांबड्या पेशींत बारीक कड्या. काचेवर "मलेरिया" आणि मलेरियाचं रॅपिड कार्ड (झटपट तपासणी) निगेटिव्ह असा विरोध दिसला आणि रुग्ण अमेरिकेच्या ईशान्येकडून आला असेल तर पॅथॉलॉजिस्टला फोन करून काच पुन्हा पाहायला सांगा. प्रवासाची माहिती नसताना आपल्याकडे कड्या दिसल्या की मलेरियाच लिहिला जातो, आणि ठाण्यात बसून त्यात चूक काढता येत नाही. डॉक्सीने बबेसिया जात नाही, त्याला अॅटोव्हाक्वोन आणि अझिथ्रोमायसिनची जोडी लागते.

१५. कुठेच गेलो नाही, फक्त येऊरला किंवा खारघरच्या टेकडीवर फिरलो. आम्हाला धोका नाही ना?

धोका शून्य नाही. इंडियन टिक टायफस महाराष्ट्रात जुनाच आहे, त्याचा जिवाणू कुत्र्यांच्या तपकिरी गोचिडीतून येतो, आणि कुत्रे तर सोसायटीतही आहेत. तापाच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी मनगट-घोट्यांपासून सुरू होऊन तळहात-तळपायांवर आलेलं पुरळ ही त्याची खूण. विदर्भात २०१८ मध्ये स्क्रब टायफसची मोठी साथ आली होती, म्हणजे त्यासाठी हिमालयात जावं लागत नाही. तरीही पावसाळ्यात ठाण्यातल्या तापाला क्रम दुसऱ्या उत्तरातलाच लावा.

१६. गोचीड अजून चिकटलेली आहे. काय करू? ती तपासायला आणू का?

बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीला अगदी लागून धरा आणि सरळ, सावकाश वर ओढा. रॉकेल, काडी, नेलपॉलिश, तेल काही नको. मग साबण-पाणी. बोटांनी चिरडू नका. गोचिडीत जंतू सापडला तरी तुम्हाला संसर्ग झाला असं ठरत नाही, त्यामुळे ती तपासून निदान होत नाही. फोटो मात्र काढून ठेवा, कॅलेंडरवर तारीख लिहा आणि तीस दिवस ताप-चट्ट्यावर लक्ष ठेवा.

चावल्यावर लगेच घ्यायची डॉक्सीची एक मात्रा फक्त लाइमसाठी, लाइमच्या प्रदेशात, गोचीड ३६ तासांहून अधिक चिकटलेली असेल आणि ती काढून ७२ तास झालेले नसतील तरच. दोडामार्ग किंवा हिमाचलसाठी हा नियम लागू नाही.

१७. ताप गेला, आठवडाभर बरा होतो, आणि पुन्हा आला. जुनाच आहे की नवीन?

जुनाही असू शकतो. माकडतापाच्या काही रुग्णांत एक-दोन आठवड्यांनी दुसरी फेरी येते, आणि तीत डोकेदुखी, कंप, गोंधळलेपण ही मेंदूची लक्षणं असतात. युरोपातला गोचिडीचा मेंदूज्वरही असाच दोन टप्प्यांत येतो. ऑस्ट्रियात शेतावर राहून बकरीचं कच्चं दूध प्यायलेल्यांनी ते सांगावं. गोचिडीच्या रिलॅप्सिंग फीव्हरचं नावच त्यावरून पडलं आहे. पण नियम मोडायचा नाही: परत आलेल्या तापात पुन्हा मलेरियाची काच. पहिल्या वेळी निगेटिव्ह होती हे कारण चालत नाही.

१८. आमच्या ट्रेक ग्रुपमधल्या एकाला स्क्रब टायफस निघाला. बाकीच्यांनी तपासायचं का? घरच्यांना लागेल का?

लक्षणं नसतील तर तपासू नका. जुन्या अँटिबॉडी सापडल्या तर उगाच औषधं सुरू होतील (उत्तर ९). तीन आठवडे लक्ष ठेवा, ताप आला तर खपली शोधा आणि ग्रुपमधल्या रुग्णाचा उल्लेख करा. स्क्रब, टिक टायफस, लाइम, माकडताप हे एका माणसाकडून दुसऱ्याला असे लागत नाहीत. ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही.

अपवाद क्रायमियन-काँगो तापाचा. जानेवारी २०११ मध्ये अहमदाबाद जिल्ह्यातल्या साणंद तालुक्यातली एक महिला भारतातली पहिली निश्चित रुग्ण ठरली, आणि तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर व परिचारिकाही त्यात दगावले. गुजरात-राजस्थानात गुरांजवळ राहून किंवा कत्तलीचं काम करून आलेल्या माणसाला ताप आणि रक्तस्राव असेल तर रुग्णालयात पाऊल टाकण्याआधी फोनवर तसं सांगा, म्हणजे त्याला सरळ वेगळ्या खोलीत नेता येईल. रक्त, उलटी, लघवीला उघड्या हाताने स्पर्श करू नका. आणि रक्ताचे नमुने घरी बोलावलेल्या माणसाकडून काढून घेऊ नका, ते रुग्णालयातच निघू देत.